एका दाबात दोन गोळ्या गेल्या म्हणजे सिअरच झिजलं असं नसतं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आजोबांनी १९७० च्या आसपास घेतलेली परदेशी पॉइंट टू टू सेमी ऑटो रायफल, म्हणजे दर दाबाला एक गोळी सोडून पुढची आपोआप भरणारी, आता वडलांच्या लायसन्सवर, वर्षातून दोनतीनदा रेंजवर निघते, मागच्या महिन्यात ट्रिगर एकदाच दाबला आणि धाडधाड दोन गेल्या, मग दहाबारा राउंड एकदम व्यवस्थित आणि मग परत तेच. मित्र म्हणतो सिअर, म्हणजे ट्रिगरच्या आतला खटका, झिजलंय, नाशिकला अंबडमध्ये माझ्या ओळखीचा वायरकटवाला (तारेच्या ठिणगीने पोलाद मापात कापणारा) आहे, नवीन काढून घेऊ, नाहीतर आहे त्यालाच कानस मारून धार लावू, आणि उघडलंच आहे तर ट्रिगर जरा हलकापण करून घेऊ. तर करू का, असं विचारलंय तुम्ही.

नका करू. आणि ती रायफल आजपासून बंद ठेवा, म्हणजे कपाटात कुलूप लावून, रेंजवरसुद्धा न्यायची नाही जोपर्यंत कारण सापडत नाही. पोरांना दोन एकदम गेल्या की भारी वाटतं, मी बघितलंय, हसतात. पण दुसरी गोळी जाते तेव्हा नळी कुठे असते ते कुणाच्याच हातात नसतं. पहिलीच्या धक्क्याने ती वर गेलेली असते, खांदा हललेला असतो, नवशिका असेल तर तो वळून मागे बघायलापण लागलेला असतो की हे काय झालं.

मी आधी सातपूरला टूलरूममध्ये फिटर होतो ११ वर्षं, मग लायसन्सवाल्या दुकानात रिपेअरिंगला लागलो त्याला आता २२ झाली. त्यामुळे वायरकटवर काय होतं हे तुमच्या मित्राइतकं मलाही माहितीये, आणि काय होत नाही ते त्याच्यापेक्षा जरा जास्त.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे घोडा दाबला म्हणतात तेव्हा लोकांना बोटाखालचा ट्रिगर म्हणायचा असतो, पण दुकानात आम्ही घोडा म्हणतो ते हॅमरला, जो जाऊन फायरिंग पिनवर, म्हणजे काडतुसावर टोचून ते उडवणाऱ्या सळईवर, आदळतो. खाली मी घोडा लिहिलं की हॅमर समजा. घोड्याला एक खाच असते, त्या खाचेत सिअर नावाचा छोटासा खटका अडकलेला असतो, आणि मागून दणकट स्प्रिंग घोड्याला पुढे ढकलत असतो. ट्रिगर दाबला की सिअर खाचेतून सरकतं आणि घोडा सुटतो, एवढंच. पण सेमी ऑटोत गंमत पुढे आहे. गोळी सुटली की बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता ठोकळा, मागे येतो, काडतुसाची रिकामी केस बाहेर फेकतो, घोड्याला परत मागे दाबून बसवतो आणि पुढे जाताना नवीन काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, ढकलतो. पॉइंट टू टूमध्ये बोल्टला लॉकसुद्धा नसतं, नुसतं त्याचं वजन आणि स्प्रिंग. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं आणि तुमचं बोट अजून ट्रिगरवर दाबलेलंच असतं! मग घोडा परत का सुटत नाही, तर मध्ये डिसकनेक्टर नावाचा एक भाग असतो, तो ट्रिगरचा आणि सिअरचा संबंध त्या क्षणापुरता तोडतो, घोडा पकडला जातो, आणि तुम्ही बोट सैल केल्यावर बारीक टक्क आवाज येऊन जोडणी परत लागते. कुठल्या मॉडेलमध्ये हे काम वेगळा भाग करतो, कुठे सिअरच सरकून करतं, पण काम तेच.

म्हणजे दोन गेल्या याचा अर्थ घोडा पकडला गेला नाही, किंवा पकडला गेला आणि टिकला नाही, किंवा घोड्याचा काही संबंधच नव्हता. हा तिसरा प्रकार लोक विसरतात. फायरिंग पिन घाणीमुळे पुढेच अडकून राहिली तर बोल्ट बंद होतानाच ती काडतुसाच्या कडेवर आपटते आणि गोळी जाते. पॉइंट टू टूचा ठोक्याने पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेत असतो, मध्ये टोपी नसते, आणि ही गोळी बहुतेक वेळा शिशाची, बाहेरून मेण किंवा ग्रीस लावलेली, त्यामुळे ती फार घाण करते. ते मेण, जळका पावडर आणि शिशाचा चुरा बोल्ट मागे आला की सरळ खाली ट्रिगरच्या डब्यात, म्हणजे ट्रिगर, सिअर आणि घोडा ज्यात बसवलेले असतात त्यात, पडतो. ५० वर्षांची रायफल आहे, डबा शेवटचा कधी उघडला ते वडलांना विचारा, मला वाटतं उत्तर येईल की कधीच नाही.

चौथं कारण बोटाचं आहे, ऐकून राग येऊ देऊ नका. काही लोक रायफल सैल धरतात आणि ट्रिगर अगदी हळू, जेमतेम सुटेल इतकाच दाबतात. धक्क्याने रायफल मागे जाते, बोट ट्रिगरवरून सुटतं, मग खांदा रायफलला पुढे ढकलतो आणि ट्रिगर परत बोटावर येऊन आदळतो. दुसरी गेली, आणि मिस्त्री महिनाभर रायफल उघडून बसतो सापडत काहीच नाही. म्हणून मी पहिलं विचारतो की दोन कुणाच्या हातात गेल्या, एकाच माणसाच्या का सगळ्यांच्या. हे तुम्ही लिहिलेलं नाही.

आता एक किस्सा सांगतो, कारण तुमच्या केसला तो लागू पडायची शक्यता आहे. निफाडकडच्या एका द्राक्षवाल्या शेतकऱ्याची अशीच जुनी रायफल आली होती, तक्रार अशी की डिसेंबर जानेवारीत सकाळी ट्रिगर दाबला की परत येत नाही, कधी घोडा मागे बसतच नाही, आणि मी बघायला घेतली दुपारी दोन वाजता तर सगळं ओके. दोनदा परत पाठवली मी ती, लाज वाटते सांगायला. तिसऱ्यांदा त्यांचे काका सोबत आले, आणि बोलता बोलता म्हणाले की आम्ही बंदुकीला तेल कमी पडू देत नाही हो, दर दसऱ्याला पूजेच्या आधी खोबरेल सोडतो. खोबरेल! तिथंच कळलं. खोबरेल तेल २४ डिग्रीच्या आसपास गोठायला लागतं, आणि निफाडला थंडीत पारा कुठे जातो ते आपल्याला दर वर्षी पेपरात वाचायला मिळतं. सकाळी डब्यात तेल नाही तर तूप होतं, सिअरचा स्प्रिंग त्या तुपात रुतलेला, दुपारी उन्हाने पातळ. उघडलं तर खाली जुन्या तेलाचा पिवळा चिकट थर, वर गोळीचं काजळ, आणि हे सगळं काढल्यावर आतलं सिअर लूपखाली, म्हणजे भिंगाखाली, बघितलं तर आरशासारखं, एक मायक्रॉन झिजलं नव्हतं. त्या माणसाला एकाने आधी सांगितलं होतं की सिअर गेलंय, नवीन टाका.

तसंच तिळाचं तेल, शिवणयंत्राचं तेल जास्त झालेलं, आणि तो निळापिवळा स्प्रेचा डबा जो लोक बिजागरीपासून बंदुकीपर्यंत सगळीकडे मारतात. स्प्रे मारून वर्षभर ठेवली की मागे गोंदासारखा थर राहतो. त्यात आपल्याकडे निवडणूक आली की शस्त्र जमा करा. २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षी झाल्या, बऱ्याच जणांच्या बंदुका दोनदा जमा झाल्या. जमा केलेली बंदूक गोणपाटात गुंडाळलेली, तीन महिने कुणी हात लावत नाही, परत येते ती कोरडी किंवा गंजाचे ठिपके घेऊन. कुणाला दोष देत नाही, त्यांचं काम सांभाळायचं आहे तेल लावायचं नाही. पण घरी आल्यावर ती तशीच कपाटात जाते हे मात्र आपलं चुकतं. तुमची तक्रार कधीपासून सुरू झाली, जमा करून आणल्यानंतर का, हे आठवून बघा.

घरी काय बघायचं ते सांगतो, अवजार न लावता, एकही स्क्रू न फिरवता, आणि हे वडलांनी करायचं किंवा त्यांच्या समोर करायचं. खोलीत एकही काडतूस ठेवू नका, दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. मॅगझिन काढा. दस्त्यात किंवा नळीखाली ट्यूब असलेली रायफल असेल तर ट्यूब पूर्ण बाहेर काढून रायफल उलटी करून हलवा, ट्यूबमध्ये एखादं काडतूस अडकून राहतं आणि बोल्ट दोनदा ओढून काहीच न आल्यावर माणूस रिकामी आहे म्हणून मोकळा होतो, असे अपघात झालेत. मग बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि करंगळी घालून बघा. नळी अशा भिंतीकडे जिच्यापलीकडे माणूस नाही.

आता बोल्ट ओढून सोडा म्हणजे घोडा बसेल. ट्रिगर दाबा, खट्ट, घोडा पडला. बोट सोडू नका, तसंच दाबून धरा, दुसऱ्या हाताने बोल्ट पूर्ण मागे ओढून सोडा. घोडा पडल्याचा आवाज यायला नको. आता बोट अगदी सावकाश सैल करा, टक्क असं जाणवायला पाहिजे. परत दाबा, घोडा पडला पाहिजे. हे वीसेक वेळा करा कारण तुमचा बिघाड दरवेळी होत नाही. वीसमध्ये एकदा जरी टक्क आला नाही किंवा दुसऱ्यांदा दाबल्यावर घोडा आधीच पडलेला निघाला तर बिघाड ट्रिगरच्या डब्यात आहे, तुमच्या बोटात नाही. मग घोडा बसवून सेफ्टी लावा, ट्रिगर नीट जोर देऊन दाबा, सोडा, आणि आता ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढा. काढताना घोडा पडला तर ती सेफ्टी असून नसल्यासारखी. शेवटी घोडा बसलेला, सेफ्टी काढलेली, दस्त्याच्या मागच्या टोकावर तळहाताने दोनचार थापा मारा. पडला तर खाच आणि सिअर यांची पकड जेमतेम उरली आहे.

हे सगळं करायच्या आधीची एक सूचना राहिली. बऱ्याच जुन्या पॉइंट टू टूमध्ये रिकामा घोडा सोडणं चांगलं नाही, फायरिंग पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खड्डा पाडते, मग केस अडकायला लागते आणि ते ट्रिगरपेक्षा महाग पडतं. रुगर १०/२२ सारख्या काहींना चालतं, तुमच्या मॉडेलला चालतं का ते दुकानात विचारा, आणि चालत नसेल तर आधी डमी काडतूस मिळवा, प्लास्टिकची मिळतात. चाचणीसाठी वापरलेली रिकामी केस नको, खऱ्या काडतुसात मिसळली की संपलं.

ट्रिगरचं वजनही मोजता येतं. प्रवासाची बॅग मोजायचा हुकवाला डिजिटल काटा असतो ना, त्याचा हुक ट्रिगरच्या मध्यावर अडकवून सरळ मागे ओढायचं, पाच वेळा, आकडे लिहून ठेवायचे. कारखान्यातून आलेली साधी पॉइंट टू टू बहुतेक वेळा अडीच किलोच्या आसपास सुटते. पाचही आकडे जवळपास एकसारखे आले तर बरं. एकदा दोन किलो, एकदा ९०० ग्रॅम, परत पावणेदोन असं आलं तर सिअर दरवेळी वेगळ्या जागी बसतंय, म्हणजे घाण, वाकडी पिन, नाहीतर गोल झालेली कड. हे आकडे मिस्त्रीला द्या, तो तुमच्याकडे वेगळ्याच नजरेने बघेल.

आता वायरकट. आधी कायदा सांगतो मग लोखंड, कारण कायदा इथे थोडक्यात आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्र या शब्दाच्या व्याख्येतच त्याचे भाग येतात, आणि कलम ५ प्रमाणे बनवणं तर सोडाच, दुरुस्ती करणं आणि टेस्ट करणं यालाही लायसन्स लागतं. म्हणजे तुमचा मित्र, तो वायरकटवाला आणि ड्रॉइंग देणारे तुम्ही तिघेही त्यात येता, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर यातली शिक्षा कमीत कमी ७ वर्षांवर गेली आहे. परदेशातून ऑनलाइन भाग मागवणं हेही तसंच, आयातीला वेगळं लायसन्स आहे, पाकिटावर सायकल पार्ट लिहिलं म्हणून तो सायकल पार्ट होत नाही. आणि एक गोष्ट, ट्रिगर दाबून ठेवला की सुटतच राहील असं बनवलेलं किंवा तसं बदललेलं शस्त्र म्हणजे कायद्यात प्रतिबंधित शस्त्र. तुमची रायफल बिघाडामुळे दोन सोडते, मुद्दाम केलेली नाही, हे खरं. पण आत ताजी कानस मारलेली दिसली तर ती झिजेमुळे दोन सोडत होती की कुणी करून घेतली हे तुम्ही कुणाला आणि कसं पटवणार.

समजा कायदा नसता तरी मी नको म्हटलं असतं. सिअर आणि घोड्याची खाच हे भाग जुन्या रायफलींमध्ये बहुतेक केस हार्डन केलेले असतात. आपल्याकडे लोहार कोयत्याला पाणी देतो तसंच समजा, पण इथे पाणी फक्त वरच्या कातडीला, मिलीमीटरच्या काही दशांशापर्यंत, आतलं पोलाद मुद्दाम मऊ ठेवलेलं म्हणजे धक्क्याने तुटू नये. कानस किंवा पॉलिश पेपर मारून कड चकाचक केली की ती कातडी गेली. पहिले दोनतीनशे राउंड ट्रिगर लोण्यासारखा लागतो, माणूस खूश, मित्राला पार्टी. मग मऊ लोखंड दबायला लागतं, कड गोल होते, आणि एक दिवस नुसता बोल्ट सोडल्यावर गोळी जाते. तेव्हा ट्रिगरला बोटसुद्धा लागलेलं नसतं. मी आजवर जे सिअर बदलले त्यात नुसत्या वापराने झिजलेले थोडे आणि कुणीतरी घासलेले जास्त, हे अगदी छातीवर हात ठेवून सांगतो. तुमच्या रायफलीलाही आजोबांच्या काळात कुणी हात लावला असेल, बघावं लागेल.

वायरकटचं म्हणाल तर वायरकट मापात काढून देईल, मिलीमीटरच्या दोन शतांशात काढेल, त्याबद्दल वाद नाही. पण माप कुठलं देणार? झिजलेल्या भागाचं? मूळ कोन काय होता ते त्या भागावर आता लिहिलेलं नाही. मटेरियल कुठलं, त्याला पाणी किती द्यायचं, वायरने कापलेल्या पृष्ठभागावर जळका थर राहतो तो कसा काढायचा. आणि कोन अर्ध्या डिग्रीने चुकला तर घोड्याचा स्प्रिंग सिअरला खाचेत ओढून धरण्याऐवजी बाहेर ढकलायला लागतो. दिसायला दोन्ही सारखेच.

म्हणून भाग बदलायचाच असेल तर कंपनीचा, त्याच मॉडेलचा आणि त्याच काळातला. जुन्या मॉडेलमध्ये मधेच डिझाइन बदललेलं असतं, नाव तेच राहतं. आणि शक्यतो घोडा आणि सिअर जोडीने. पाचदहा वर्षं एकमेकांवर घासून त्यांची आपसात ओळख झालेली असते, एकाला नवीन आणून दुसऱ्या झिजलेल्यासमोर बसवलं की नवीनही लवकर जातं. सायकलची चेन बदलून जुनंच चक्र ठेवलं तर काय होतं तसं.

आता लायसन्सवाल्या मिस्त्रीने काम कसं करावं ते लिहितो म्हणजे तुम्हाला समोर बसून बघता येईल, पैसे कशाचे देताय ते कळेल. पहिलं म्हणजे तो लगेच भाग ऑर्डर करणार नाही. तो तुमच्या वरच्या सगळ्या चाचण्या परत करेल, मग डबा बाहेर काढेल. डबा बाहेर असताना घोडा मोकळा सोडायचा नाही, अंगठ्याने धरून हळू खाली आणायचा, कारण समोर बोल्ट नसतो, घोडा सरळ डब्याच्या भिंतीवर आपटतो आणि हलक्या धातूचा डबा असेल तर तडा. नवीन पोरं पहिली चूक हीच करतात. प्रत्येक पिन काढायच्या आधी मोबाइलवर फोटो, माझ्या उमेदवारीत कागदावर चित्र काढायचो, आणि स्प्रिंगवाला भाग काढताना सगळं पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करायचं, म्हणजे उडालेला स्प्रिंग पिशवीत राहतो, नाहीतर दुपार फरशीवर मॅग्नेट फिरवण्यात जाते. घासलेट किंवा पांढऱ्या पेट्रोलने धुणं, थिनर नाही कारण जुन्या रायफलींमध्ये कुठे कुठे प्लास्टिक असतं ते विरघळतं. धुऊन कोरडं करून, तेल न लावता, परत जोडून परत चाचणी. निम्म्या रायफली इथेच बऱ्या होतात आणि बिल फक्त सर्व्हिसिंगचं होतं.

नाही झाली तर मग लूप. चांगल्या सिअरची कड दिव्याखाली धरली तर दिसतच नाही, कारण धारदार कडेवर उजेड थांबायला जागा नसते. गोल झालेली कड पांढऱ्या रेघेसारखी चमकते. खाचेला निळा, म्हणजे घासल्याची खूण दाखवणारा रंग, लावून, टूलरूमवाल्यांना माहीत आहे, घोडा चारपाच वेळा बसवून बघायचं की घासल्याची खूण पूर्ण रुंदीवर येते का एकाच कोपऱ्यात. कोपऱ्यात आली तर थांबायचं, दोष सिअरचा नाही, ते तिरकं उभं आहे.

इथे मी स्वतः खाल्लेला मार सांगतो. दुकानात लागून तीन वर्षं झाली असतील, एक रायफल आली, तुमच्यासारखीच तक्रार, कड गोल दिसली, कंपनीचं सिअर मिळालं, टाकलं, ट्रिगर मस्त, गिऱ्हाईक खूश. तीन महिन्यांनी परत. नव्या सिअरचा एक कोपरा खाल्लेला. उस्ताद काही बोलले नाहीत, सिअर बाजूला ठेवलं, नुसती पिन भोकात घालून माझ्या हातात डबा दिला आणि म्हणाले हलव. पिन कटकट वाजत होती. हलक्या धातूच्या डब्यातलं भोक लांबट झालेलं, डोळ्याला दिसत नव्हतं पण गेजला दिसलं असतं, आणि मी टूलरूममधून आलेला माणूस, गेज लावलाच नव्हता. पिन नवीन टाकूनही उपयोग नसतो, भोक नवीन होत नाही. तिथे भोक रीमरने गोल करून किंचित मोठी पिन किंवा बुश (भोकात बसवायची छोटी नळी), आणि ते जमत नसेल तर डबाच बदलायचा. तेव्हापासून मी आधी भोकं बघतो, मग पिना मायक्रोमीटरने दोन टोकांना आणि मध्ये, मग स्प्रिंग, आणि सिअर सगळ्यात शेवटी.

स्प्रिंगचं थोडक्यात. दबून आखूड झालेला स्प्रिंग ताणून लांब करायचा नाही, दोन दिवसात परत आखूड होतो. कापायचा तर अजिबात नाही. सिअर आणि डिसकनेक्टरचे स्प्रिंग केसासारखे बारीक आणि स्वस्त असतात, ५० वर्षांच्या रायफलीत ते डोळे मिटून बदलावेत, मिळाले तर.

ट्रिगर हलका करायचं विचारलंत. आधी ती रायफल एका दाबाला एक सोडू दे. हलकं करणं म्हणजे बहुतेक वेळा पकड कमी करणं किंवा स्प्रिंग मऊ करणं, आणि जी रायफल आधीच घोडा धरून ठेवत नाही तिच्यात हे करणं म्हणजे ब्रेक लागत नाहीत म्हणून लायनर अजून घासण्यासारखं. नेमबाजीत उतरायचं असेल तर त्यासाठी बनवलेली बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची रायफल, घ्या, तिचा ट्रिगर वेगळाच असतो, कंपनीने दिलेल्या स्क्रूने कमीजास्त होतो. आणि कुणाच्या मनात बिबट्याबिबट्या असेल, ऊस आहे म्हणाला होतात म्हणून बोलतो, तर पॉइंट टू टू त्या कामाची नाही आणि ते काम आपलंही नाही, वनखात्याला फोन करायचा.

जोडून झाल्यावर टेस्ट रेंजवर, दुकानाच्या मागे नाही. मॅगझिनमध्ये एकच काडतूस, असं दहा वेळा. मग दोन, असंही दहा वेळा, रायफल घट्ट धरून, आजूबाजूला कुणी नाही. दोनच का, तर बिघाड राहिला असेल तर जास्तीत जास्त दोन जातील, दहा नाही. हे सगळं नीट झालं तर पूर्ण मॅगझिन. दोन वेगळ्या कंपन्यांच्या काडतुसांवर बघावं कारण काहींची कड मऊ असते. मग शंभरदोनशे राउंडनंतर परत उघडून कड बघायची, नवीन जोडी कशी बसली ते तेव्हाच कळतं. जो मिस्त्री म्हणेल परत आणायची गरज नाही, त्याला विचारा का नाही.

खर्च मी न बघता सांगणार नाही. धुण्यात भागलं तर किरकोळ, भाग लागले तर ते मिळेपर्यंत महिनेही जातात, कारण रायफलींची आयात बंद होऊन कित्येक वर्षं झाली आणि जुन्या मॉडेलचे भाग दुकानदार एकमेकांकडे विचारत फिरतात. रायफल देताना लायसन्स दाखवा, नंबर ताडून पावती घ्या, दुकानाच्या रजिस्टरला नोंद झाली का बघा. लायसन्स वडलांच्या नावावर आहे तेव्हा तुम्ही एकट्याने पिशवीत घालून आणायची नाही. ते सोबत आले तर उत्तम, तब्येतीमुळे येत नसतील तर त्यांचं लेखी पत्र घ्या. दुरुस्तीसाठी असं लेखी परवानगीने नेता येतं हे कायद्याच्या कलम ३ मध्येच लिहिलेलं आहे. पत्रात रायफलचा नंबर, कुठल्या दुकानात, कुठल्या तारखेला एवढं असावं, सोबत मूळ लायसन्स, रायफल रिकामी आणि कव्हरमध्ये. काडतुसं आणू नका.

आणि आजोबांचं कपाट एकदा नीट बघा. त्या काळात बंदूक घेणारे लोक हौशी, सोबत सुटे भाग घेऊन ठेवायचे आणि मग विसरायचे. मागे सिन्नरच्या एकांच्या घरी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, शिवणाच्या रिळांखाली, कंपनीच्या मेणकागदात गुंडाळलेलं न वापरलेलं सिअर आणि दोन स्प्रिंग निघाले होते, आणि आम्ही आठ महिने दिल्लीपर्यंत फोन करत होतो. तसं काही सापडलं तर उघडून पुसत बसू नका, आहे तसं घेऊन या, आणि वडलांच्या पत्रात त्याचीही एक ओळ टाका.